दिनूची न भिजणारी पेटी

कुरडयांचं अन् किश्श्यांचं एकसारखंच. एकेक जमा करत राहावं, डबा कधी भरला ते समजत नाही. माही तर पेटीच भरली!

तर नागपूरच्या महाल भागात एक होता दिनू, एक होती त्याची बायको माधुरी, अन् एक मी, दिनूची माय. दिनूनं मिहानमधली नोकरी सोडून घरीच कारखाना टाकला. बनवे काय? जाड काळ्या पेटीत बसवलेला वॉकीटॉकी! पूर येवो, मोबाईल बंद पडो, पेटी उघडा अन् बोला. वर्ष झालं, एक पेटी खपली नाही. "दिवाळीपर्यंत ऑर्डर आली तं ठीक, नाही तं पुन्हा नोकरी," दिनू म्हणे.

*

पहिल्या टेस्टले दिनू सीताबर्डीले गेला, माधुरी घरी. त्या यंत्राची एक खोड आहे. एकानं बटण दाबून धरलं की दुसऱ्याले बोलताच येत नाही. माधुरीनं बटण दाबलं ते भाजी, गॅस, माहेरचं लग्न, सारं संपेपर्यंत सोडलंच नाही!

दिनू घरी आला. "मशीन पास, आई. मी फेल!"

*

मग मजबुती पाहायले गच्चीवरून पेटी फेकली. पेटीले ओरखडा नाही, शेजारच्या दामूभाऊंच्या अंगणातली फरशी फुटली!

दामूभाऊ म्हणाले, "संकटात कामी येईल म्हणतो. पण संकट तं हेच दिसून राहिलं गा!"

*

एकदा पुराची तालीम ठेवली. गल्लीत घरोघरी एकेक पेटी दिली. पाच वाजता दिनू ओरडला, "पूर आला! सारे गच्चीवर चला!"

कोणी हलेना. शेवटी पेटीतून दामूभाऊ बोलले, "पूर उद्या आण गा, आता नळ आला!"

*

दिवाळीच्या तोंडावर पुरात लोकांले वाचवणाऱ्या पथकाचे साहेब आले. कडक माणूस, बोलणं पुस्तकातलं. "पेटी तासभर पाण्यात बुडवा. आत ओल गेली, तर ऑर्डर विसरा."

दिनू घाईघाईनं आत पळाला. हाताले लागली ती पेटी उचलली, टाक्यात घातली, वर दगड ठेवला. अन् मी नीट पाहिलं तं काय! ती माही पेटी होती! खपत नाही म्हणून उन्हाळ्यात मी तिच्यातला वॉकीटॉकी काढून कुरडया भरल्या होत्या.

माधुरीच्या कानात सांगितलं. जन्मात पहिल्यांदा ती गप्प बसली.

तासानं साहेबांनी पेटी उघडली. आत पांढऱ्याशुभ्र कुरडया! दिनू त्याहून पांढरा.

"हे काय आहे?"

मी पुढे झाले. "कुरडया, साहेब. उन्हाळ्यात भरल्या. सारा पावसाळा यातच होत्या."

साहेबांनी एक उचलली. दोन बोटांत धरून मोडली. कट्ट!

दुसरी मोडली. कट्ट!

मग दिनूकडे वळले. "साठ पेट्या पाठवा."

साहेब दारापर्यंत गेले, अन् परतले.

"अन् एक रिकामी द्या गा. माह्या मायच्या कुरडया तं नागपंचमीलेच सादळतात!"