गोचीड, लाइम आणि संजयचं मटण

आमच्या ऑस्ट्रेलियातल्या केलीव्हिलच्या ट्रेक ग्रुपमध्ये माणसं सात, पण गोचिडीचे किस्से पोतंभर! यंदा पाऊस धो धो झाला, बुशमधलं, म्हणजे इथल्या रानातलं, गवत वाढलं, गोचिडी वाढल्या. आमची अक्कल तेवढी होती तिथेच राहिली.

*

पहिली गोचीड संजयच्या मानेवर. संजय म्हणजे आमचा बल्लवाचार्य. अर्धा ग्रुप त्याच्या मटणासाठीच ट्रेकला येतो.

मी ट्वीझर घेऊन सरसावलो, तर प्रशांत ओरडला, "ओढू नकोस! इथे स्प्रेने गोठवून मारतात!" संजयची आई पुण्याहून फोनवर, "तंबाखूचं पाणी लावा रे!"

आमचं एकमत होईपर्यंत संजय फार्मसीत जाऊन स्प्रे मारून आलासुद्धा.

*

आठवड्याने त्याचं अंग ठणकायला लागलं. त्याच्या बायकोने, केतकीने, गूगल केलं. गोचिडीमुळे होणारा लाइम आजार! ती घाबरून रडकुंडीला आली.

डॉक्टरांनी विचारलं, "अमेरिका, युरोपला गेला होतात?"

"नाही."

"मग लाइम नाही. इथल्या गोचिडींत तो सापडलेला नाही."

"मग हे दुखतंय ते काय?"

"व्हायरल असेल. नो वरीज!"

*

प्रशांतच्या ऑफिसातला कोणी मेट म्हणे, "लाइम आहे इथे, सांगत नाहीत!" झालं, व्हॉट्सॲपवर दोन पार्ट्या पडल्या. 'आहे' आणि 'नाही'. मी सकाळी एकीत, संध्याकाळी दुसरीत.

शेवटी संजयचा मेसेज आला, "अमेरिकेला जाऊन येऊ का? मग तरी ठरेल?"

*

अंगदुखी आपोआप गेली. म्हणून त्याने मटण केलं, दणकून जेवला, आणि काही तासांनी अंगभर गांधी, घसा सुजलेला. ॲम्ब्युलन्स!

टेस्टमध्ये निघालं, गोचिडीमुळे मटणाचीच ॲलर्जी झालीय. आता मटण बंद.

"त्यापेक्षा लाइम परवडला असता रे," संजय म्हणाला. आम्ही हसलो, पण मला फार वाईट वाटलं.

*

यंदाच्या गटारीला हट्टाने त्यानेच मटण शिजवलं. केतकी माळकरी घरातली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मटणाच्या पातेल्याला तिने कधी बोट लावलेलं नाही.

संजयने रश्शाचा चमचा तोंडाशी नेला, खाली ठेवला. पुन्हा नेला, पुन्हा ठेवला.

"दे, मी चाखतो," मी म्हणालो.

"तू नको. तुला सगळंच झकास लागतं."

केतकी दारात उभी होती. आत आली, त्याच्या हातातला चमचा घेतला, डोळे मिटले आणि रस्सा जिभेला लावला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.