गणपतचा दम

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुमच्यापाशी का बोलतोय — मलाही नीट कळत नाही.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. संगमनेरकडच्या एका साखर कारखान्याच्या कबड्डी संघाचा मी कप्तान. खेळतो म्हणूनच आम्हाला कामावर घेतलेलं, पण हंगामी. जिल्ह्याच्या सामन्यात जे सात मैदानात उतरतील ते कायम होणार, बाहेर बसतील ते हंगामीच राहणार — अशी तिथली रीत. मीही हंगामीच होतो. आणि सात जण निवडायचे मीच.

गणपत शेजारच्या अकोले तालुक्याच्या डोंगरातला. चढाईला गेला की दोन गडी मारूनच परतायचा. माझा गुडघा तेव्हा गेलेला होता — लपवत होतो, पण मला ठाऊक होतं ना? चढाईच्या जागेवर तो किंवा मी, एकच बसणार होता.

यादी पाहून कारखान्याच्या साहेबांनी विचारलं, गणपतला बाहेर का? काय सांगणार होतो? तो माझ्यापेक्षा चांगला आहे म्हणून? मी म्हणालो — साहेब, तो दम चोरतो. मधेच हळूच श्वास घेतो, पंचाला कळत नाही एवढंच. कबड्डीत याहून घाण आळ नाही. साफ खोटं होतं ते.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण ते कानावर गेलं तसा गणपत माझ्याकडेच आला. भांडायला नव्हे. "दादा, माझा दम कुठं तुटतो तेवढं सांगा की. मी सुधरीन."

आणि मी सांगू लागलो! रोज संध्याकाळी त्याला पळवायचो, दम म्हणायला लावायचो, आणि मधेच म्हणायचो — इथं तुटला. नसलेली खोट मी त्याला शिकवली. महिनाभरात तो चढाईत अडखळायला लागला, त्याचा दम खरोखर तुटायला लागला. मग त्याला बाहेर बसवायला मला खोटं बोलायचीही गरज उरली नाही.

मी कायम झालो. पुढच्या साली ऊस जळाला, हंगामी लोकांना घरी पाठवलं. गणपत दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला.

नंतर एकदा तो संगमनेरच्या स्टँडवर भेटला, त्याची बायको सोबत होती. तिला म्हणाला, "ह्यांनी माझ्यावर लई मेहनत घेतली. माझाच दम कच्चा हुता." ती वाकून माझ्या पाया पडली.

मी पडू दिलं. वर आशीर्वादही दिला.