थांब, विचार कर, मग बोल

शिक्षिकेच्या नोकरीच्या मुलाखतीला मी एडवणहून एसटीने पालघरला आले होते. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, कशा आलात? मी डोळे मिटले आणि ‘आगगाडीचा प्रवास’ हा पाठ केलेला अख्खा निबंध म्हणून टाकला. त्यात सूर्योदय होता, शेंगदाणे विकणारा होता, भांडणारे सहप्रवासी होते. एसटी मात्र कुठेच नव्हती. साहेबांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि नोकरी दिली. त्यांनाही फारसं कळलं नसावं. अंबाड्यात अबोली खोचलेली ती बावळट बाई, म्हणजे मीच, मग स्वतःला इंग्रजीची महाराणी समजत जन्मभर शाळेत मिरवली.

निवृत्तीनंतर औषधवाल्याच्या ओळखीने बोईसरच्या एका मदरशाचे मौलाना भेटले. मुलांना थोडं इंग्रजी वाचता-बोलता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

“आई, गुडघे दुखतात ना तुमचे?” सून म्हणाली.

“गुडघ्यांनी कुठे शिकवायचंय?”

रिक्षावाल्याला तर फारच कुतूहल. “आजी, तुमचं मदरशात काय काम हाय?”

“नापास झाले रे. परत पहिलीत बसवलंय.”

कारखान्यांच्या रस्त्याला, गोदामाच्या वरच्या मजल्यावर मदरसा होता. मुलं बहुतेक बिहारची. मला ‘दादी’ म्हणायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी इंग्रजी पुस्तकातला मांजराचा धडा मला धडाधड म्हणून दाखवला, पुढे-मागे डुलत. मी खूश! मग एकाच्या हातातलं पुस्तक उलटं दिसलं. कुराण पाठ करायची त्यांची जी रीत, तीच त्यांनी माझ्या मांजराच्या धड्याला लावली होती. मला आमची ती आगगाडी आठवली आणि मी नियम केला. कुणी प्रश्न विचारला की लगेच तोंड उघडायचं नाही. थांब, विचार कर, मग बोल.

हे सगळ्यात छान जमलं ते खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलाला. सडपातळ, मोठ्या कानांचा. आज काय खाल्लंस, असं इंग्रजीत विचारलं की बाकीचे एका सुरात “राइस!” ओरडायचे. हा थांबायचा, माझ्याकडे बघायचा, आणि मग हळूच सांगायचा की भात खाल्ला, पण पोट भरलं नाही. शब्द मोडकेतोडके, पण त्याचे स्वतःचे. उतारवयात शिक्षकाला याहून काय हवं असतं?

त्याचे अब्बू इथेच एका कारखान्यात होते. छातीचं दुखणं जडलं म्हणून गावी परतले आणि अंथरुणाला खिळले. मुलाचं कुराणाचं पाठांतर पूर्ण झालेलं ऐकायचं आणि मग डोळे मिटायचे, एवढंच ते फोनवर बोलायचे. कुराणाच्या तीस भागांपैकी, म्हणजे पाऱ्यांपैकी, थोडेच उरले होते.

एक दिवस मौलानांनी मला बसवून चहा दिला.

“मॅडमजी, बुरा मत मानिए. बच्चा सबक में अटक रहा है.”

सबक म्हणजे रोजचं नवं पाठांतर. मुलाला बोलावलं. तो मान खाली घालून म्हणाला, “दादी बोलती हैं, पहले सोचो. मैं सोचने लगता हूँ तो आगे का निकल जाता है.”

मौलाना रागावले नव्हते. तेच जास्त बोचलं. पाठांतरात जीभ पुढे धावायला हवी आणि मी तिला जिथे तिथे लगाम घालायला शिकवलं होतं. वेळ असता तर पोराने दोन्ही सांभाळलं असतं. पण अब्बूंकडे वेळ नव्हता. मीच त्याला जवळ घेतलं. म्हटलं, “तू मेरे क्लास में मत आ. पहले अब्बू को सुना.”

“आप नाराज़ हैं?”

“बहुत. तेरे कान कितने बड़े हैं, इसलिए.”

तो हसला नाही.

त्यानंतर माझ्या तासाच्या वेळी तो शेजारच्या खोलीत मौलानांचा फोन समोर ठेवून अब्बूंना म्हणून दाखवायचा. भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा. सुरुवातीला अडखळणारा, मग सरळ वाहता. मी इकडे मांजराचा धडा शिकवत असे आणि खिडकीजवळची जागा मुलं आपसूक मोकळी ठेवत.

मग एका दिवशी आवाज आला नाही. मौलाना दारात आले, म्हणाले, “इंतक़ाल हो गया.” शेवटचा पारा राहिला होता. गावी पोचेपर्यंत माती उरकली असती, म्हणून मुलाला पाठवलंही नव्हतं.

काही दिवसांनी तो माझ्या वर्गाच्या दाराशी उभा राहिला.

“दादी, अब सुनाने को कोई नहीं है. बैठ जाऊँ?”

इतके दिवस मी मनात हेच मागत होते. तो परत यावा. असा नव्हता यायला हवा. मी बाकीच्यांना लवकर सोडलं आणि त्याला खिडकीजवळ नाही, माझ्यासमोर बसवलं.

“वो जो आख़िरी रह गया है, मुझे सुना.”

“आपको?”

“मुझे एक अक्षर नहीं समझेगा. तू गलती करेगा तो भी मैं शाबाश बोलूँगी.”

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला.

“अब्बू को भी कहाँ समझता था,” तो म्हणाला. “वो बस हूँ-हूँ करते थे.”

“हूँ,” मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले आणि डुलायला लागला.