वाटणीतली सायकल

उत्तमराव ताथोडांची सायकल मागून जुनी होती आणि पुढून नवी. सांगाडा, मागचं चाक आणि कॅरिअर जाड, जुन्या घडणीचे; पुढचं चाक, ते धरणारा चिमटा, हँडल आणि सीट मात्र अलीकडच्या हलक्या बांधणीचे. अमरावतीच्या बाजार समितीत ते मापारी होते तेव्हा हमाल त्यांना छेडायचे, "भाऊ, तुमची सायकल सासऱ्या-जावयाची दिसते. पटते का दोघायचं?"

"पटते म्हनून तं चालते," उत्तमराव म्हणत आणि पोत्याच्या वजनाकडे नजर लावत. खरी हकीकत त्यांनी समितीत कोणालाच सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती नव्हतीच.

मागची अर्धी सायकल वडिलांची होती. वडील भगवंतराव पातूरचे, शेत गावापासून लांब. थोरला देवमन पुढच्या दांडीवर, धाकटा उत्तम मागे कॅरिअरवर, अशी तिघांची स्वारी शेताकडे निघायची. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी ठासून बसायची की चाक फिरेनासं व्हायचं. त्यासाठी भगवंतरावांनी दांडीला बाभळीची एक काडी बांधून ठेवली होती. चाक अडलं की तिघं खाली उतरत. देवमन पुढच्या चाकाचा चिखल उकरायचा, मग काडी उत्तमकडे यायची. भगवंतराव तेवढ्यात धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून बिडी ओढून घ्यायचे.

पातूरच्या बाजारात तेव्हा भांड्यांवर नावं घालणारा एक जण बसायचा. छिन्नीने टिंबाला टिंब जोडून तो पितळेवर अक्षरं उमटवायचा. भगवंतरावांनी एकदा बायकोच्या पितळी गंजाबरोबर सायकलही त्याच्यापुढे नेऊन उभी केली आणि हँडलवर एकदा, सीटखाली सांगाड्यावर एकदा, असं दोन ठिकाणी 'भ. ल. ताथोड' घालून घेतलं.

"दोनदा कायले?" बायकोने विचारलं.

"चोरानं अर्धीच नेली तं? अर्धीवरूनई वयखू आली पायजे," भगवंतराव म्हणाले. या विनोदावर ते स्वतःच पुष्कळ दिवस हसत राहिले.

चोर काही आला नाही. भगवंतराव गेले आणि त्यानंतर वर्षभरात दोन्ही भावांची वाटणी झाली.

वाटणीला चुलते बसले होते. शेत, बैल, बैलांचा कोठा, भांडीकुंडी, सगळं आवाज न चढता वाटून झालं. चहा झाला. लोक चपला घालायला उठले आणि तेवढ्यात भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे कोणाची तरी नजर गेली. देवमन म्हणाला, "बापानं ते मले देतो म्हनलं होतं." उत्तम म्हणाला, "मले म्हनलं होतं." दोघंही खरंच बोलत होते. ज्या पोराची समजूत काढायची असेल त्याला भगवंतराव सायकल देऊन टाकायचे. पण ते सांगायला आता ते नव्हते. चहा पुन्हा झाला, अंधार पडायला आला, तरी दोघंही हटेनात. शेवटी चुलते भडकले.

"लहानपनी कोन कुठं बसे? देवमन पुढं, उत्तम मांगं. मंग पुढचं पुढच्याले, मांगचं मांगच्याले! घ्या वाटून!"

ते रागाने बोलले होते. कोणीतरी हसेल आणि विषय मिटेल असं त्यांना वाटलं असावं. हसलं कोणीच नाही. देवमन उठला आणि आतून पाना घेऊन आला. उत्तमने चाक धरलं. दोघा भावांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

उत्तमरावांनी आपली अर्धी अमरावतीला आणली, तिला बाजारातून पुढचा भाग जोडला आणि त्याच सायकलीवर सगळी नोकरी काढली. पातूरला जाणं-येणं बंद झालं. दसऱ्याला सोनं द्यायला कोण आधी जातो यावर पहिलं वर्ष अडलं, आणि मग तसंच पडलं. अकोल्याला मात्र लग्नाकार्यासाठी जावं लागे. परत निघताना अकोल्याच्या स्टँडवर पातूरची गाडी लागलेली असे. उत्तमराव तिच्याजवळ जाऊन उभे राहत, पाटी वाचत, कंडक्टरने "पातूर, पातूर" म्हणून बोलावलं की मान हलवत आणि अमरावतीच्या गाडीत जाऊन बसत. एकदा तिथेच रस्त्याच्या पलीकडे देवमन दिसला. उंच, बापासारखाच किंचित वाकलेला. त्यानेही पाहिलं. उत्तमराव पानटपरीकडे वळले, देवमन खताच्या दुकानात शिरला. टपरीवरून निघाल्यावर त्यांनी खताच्या दुकानाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. पुढे कोणीतरी त्यांना सांगितलं की देवमन हल्ली कोऱ्या हिरव्या सायकलीवर फिरतो. बापाचं हँडल भंगारात टाकून याने नवी घेतली, असं उत्तमरावांनी धरून ठेवलं आणि तो राग पुढे खूप वर्षं पुरला.

गेल्या वर्षी देवमन गेला. उत्तमराव तेरवीला गेले, पंगतीत खाली मान घालून जेवले आणि मिळेल त्या गाडीने परतले. त्यानंतर मात्र त्यांना एका गोष्टीने घेरलं. बापाची सायकल पुरी करायची. पुन्हा काळा रंग, पुन्हा तेच हँडल, आणि अमरावतीच्या घरात समोरच्या खोलीत ती उभी करायची. भाऊ तर राहिला नाही, निदान एवढं तरी जागेवर यावं.

त्यांनी पुढच्या भागापासून मागच्यापर्यंत सगळं खोलून धुतलं. सांगाड्यावरचा रंग रॉकेल आणि पॉलिश पेपरने उतरवला, तेव्हा सीटखालची टिंबं वर आली. मुलगा स्वप्निल नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर होता. तो दारात उभा राहून पाहत होता.

"बाबा, पुढचा भाग तं मार्केटात भेटते. जुन्या पद्धतीचा पायजे असन तं थोई भेटते."

"भेटते ना. पन त्याच्यावर नाव नाई भेटत."

"अन् काकानं फेकलं असन तं?"

"मंग पाहून येतो फेकलं का," उत्तमराव म्हणाले.

स्वप्निलच्या ओळखीच्या एका छोटा हत्ती टेम्पोवाल्याला पातूरला माल पोचवायचा होता. सायकल मागे बांधून उत्तमराव त्याच्या शेजारी बसले. अकोला गेलं, स्टँड मागे पडला, आणि एरवी इतकी वर्षं टाळलेल्या त्या रस्त्याला गाडी लागली.

देवमनची बायको कौशल्या ओट्यावर तुरी निवडत होती. उत्तम शिकायला अकोल्यात होता तेव्हा हिनेच त्याला भाकरीचे डबे पाठवले होते. तिने वर पाहिलं, गाडीतली सायकल पाहिली आणि सुपातल्या तुरी एकसारख्या करत म्हणाली, "या भाऊजी. सायकल आनली, मंजे भांडनच आनलं म्हना ना सोबत."

"भांडाले आता कोन राह्यलं वहिनी?"

"मी हाओ ना! बसा."

ड्रायव्हर सायकल उतरवून माल पोचवायला गेला. पाणी झालं, मुलाबाळांची विचारपूस झाली. मग उत्तमरावांनी कशासाठी आलो ते सांगितलं. कोठ्यात, माळ्यावर, कुठे जुनं हँडल पडलेलं असेल तर बघतो म्हणाले. कौशल्याबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"कोठ्यात कायले राहीन? थे काय तुमच्या मांगं उभी हाये."

मागे भिंतीला हिरवी सायकल टेकलेली होती. हीच ती, देवमनची कोरी सायकल. उत्तमराव उठले. हँडलवरचा रंग त्यांनी नखाने खरवडला, मग खिशातल्या किल्लीने. हिरव्या पापुद्र्याखालून आधी गंज आला आणि मग एक टिंब, त्याच्या शेजारी दुसरं. 'भ. ल. ता' एवढं निघेपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. मग मात्र थांबला.

"याले सांगाडा जोडला त्यायनं. मांगचं चाक बी जुन्या बजारातून आनलं. सारा जनम गेला याच्यावर. वावरात, अकोल्याले, दवाखान्यात, हेच," कौशल्याबाई म्हणाल्या. "हँडल गंजलं म्हनून मंग सगळीलेच रंग देला. तुमचं आईकलं होतं आमी, का तुमी अमरावतीत नवी घेतली म्हनून."

"कोनं सांगतलं?"

"तुमाले कोनं सांगतलं?"

दोन गावांत दोन भाऊ एकाच सायकलीवर फिरत होते आणि दुसऱ्याने ती टाकून दिली म्हणून कुढत होते.

"न्या तुमी," कौशल्याबाई म्हणाल्या. "बापाची हाये, पुरी होऊ द्या. मले का चालवता येते?"

उत्तमरावांनी पिशवीतून पाने काढले. देवमनच्या सायकलीचं पुढचं चाक सैल केलं, हँडलचा नट रॉकेल टाकून फिरवला. चिमटा निघाला तशी हिरवी सायकल पुढून बसली आणि मातीला टेकली. कौशल्याबाई उठून आत गेल्या. उत्तमरावांनी हँडल भिंतीशी ठेवलं. ठेवताना घंटीला धक्का लागून ती वाजली.

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. कौशल्याबाई हातात चहाचं पातेलं घेऊन दारात आल्या, हँडलकडे पाहिलं आणि ओशाळल्या.

"सवय हाये," त्या म्हणाल्या. "वळनावरूनच वाजवत. घरात आले का चहा तयार पायजे. अजूनई कोनं वाजवली तं हात पातेल्याकडंच जाते. गावातले लेकरं मुद्दाम वाजवतात मेले."

त्या परत आत गेल्या. उत्तमरावांनी आपल्या सायकलीचा बाजारातला पुढचा भागही उतरवला आणि ते त्या दोन अर्ध्यांमध्ये बसले. हँडल आपलं होतं, बापाचं होतं, घ्यायला कोणी नाही म्हटलं नव्हतं. ते नेलं की अमरावतीत बापाची सायकल पुरी उभी राहणार होती. आणि इथे, या भिंतीला, देवमनची निम्मी सायकल. आणखी एकदा वाटणी. या खेपेला तर समोर भांडणारा भाऊसुद्धा नव्हता.

"वहिनी, जरा या," त्यांनी हाक मारली. "सांगाडा धरा."

कौशल्याबाईंनी सांगाडा धरला. छर्रे ग्रीसमध्ये बसवून, चिमटा चढवून, बापाचं हँडल बापाच्या सांगाड्याला लागलं. सीट चढली, चाक लागलं. दुपार कलली तेव्हा भगवंतरावांची सायकल अंगणात पुरी उभी होती, मागून रंग उतरलेली, पुढून हिरवी. उत्तमराव तिच्यावर बसले. वळणापर्यंत गेले, परत फिरले आणि फिरताना त्यांनी घंटी वाजवली.

ते अंगणात आले तेव्हा चुलीवर चहा होता. कौशल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावलेला होता आणि साखर मात्र बरोबर घातली होती. देवमनसारखी नव्हे, उत्तमसारखी, कमी.

"ते इथंच राहू द्या," चहा पिऊन उत्तमराव म्हणाले.

"अन् तुमी कायच्यासाठी एवढ्या लांबून आले?"

उत्तमरावांनी उरलेलं सामान ओढून घेतलं. देवमनने आणलेला सांगाडा आणि मागचं चाक, स्वतः आणलेला चिमटा, हँडल, सीट, पुढचं चाक. दोघांनी आपापल्या गावात, आपापल्या हट्टाने विकत घेतलेलं. चिमटा पटकन बसेना. उत्तमरावांनी तो दोनदा काढला, कानशीने घासला आणि मग बसवला. हँडल जरा डावीकडे ओढत होतं, पण चाकं फिरत होती.

छोटा हत्ती दारात येऊन थांबला. ड्रायव्हरने सायकल वर चढवली. कौशल्याबाई गाडीजवळ आल्या आणि दोन्ही भावांचे भाग एकात असलेल्या त्या सायकलीवर त्यांनी हात फिरवला.

"रस्त्यानं भांडू नोका म्हना दोघायले," त्या म्हणाल्या. "अन् दसऱ्याले या. आता कोनं आधी यावं हा सवाल नाई राह्यला."

"येतो," उत्तमराव म्हणाले.

अमरावतीला पोचेपर्यंत दिवे लागले होते. स्वप्निल खाली आला, सायकल उतरवली आणि चकित होऊन तिच्याभोवती फिरला. सीटखाली नाव नाही, हँडलवर नाही.

"बाबा, आजोबाची सायकल कुठी हाये?"

"पातूरले. पुरी झाली."

"अन् मंग हे कोनाची?"

उत्तमरावांनी सायकल भिंतीला टेकवली. ती डावीकडे घसरली, तेव्हा त्यांनी ती हाताने सावरून धरली आणि बराच वेळ हात काढला नाही.

"हे आमची," ते म्हणाले.