अमेरिकेत फुटबॉल दिसू लागला तेव्हा

मुलगा अमेरिकेला गेला त्या पहिल्याच आठवड्यात फोनवर म्हणाला, "आई, हितं ज्याला फुटबॉल म्हणत्यात ना, तो हातात धरून पळायचा खेळ हाय. आपला फुटबॉल टीव्हीवर लावतच न्हाईत." थंडीबद्दल बोलला नाही, जेवणाबद्दल बोलला नाही. एवढंच बोलला, आणि त्याला तिथं करमत नाही हे मला कळलं.

आमच्या पेठेत फुटबॉल हा घरातलाच विषय. सीझन सुरू झाला की दुकानं लवकर बंद होतात, पोरं झेंडे घेऊन मैदानाकडे निघतात. माझं माहेर आजऱ्याकडचं. तिथं आम्हाला भात आणि काजू माहीत, चेंडूचं कौतुक कुणाला नव्हतं. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाईंनी देवघर दाखवलं, पाण्याची वेळ सांगितली आणि म्हणाल्या, "सामन्याच्या दिवशी लाल-काळं काय नेसू नकोस." लाल-काळा हा पलीकडच्या पेठेच्या संघाचा रंग. आमचा हिरवा-पांढरा. मी मनात हसले होते. पुढं माझ्या ट्रंकेत लाल-काळं लुगडं राहिलंच नाही.

मालक पेठेच्या तालमीतले; आमचा संघ त्या तालमीचाच. मुलगा चालायला लागल्यापासून त्याला खांद्यावर बसवून मैदानात न्यायचे. मी कधी गेले नाही. बायका जात नव्हत्या तेव्हा, आणि गेल्या असत्या तरी मी गर्दीत गेले नसते. मुलगा परदेशी जायच्या आधीच मालक वारले. त्यामुळं तो गेल्यावर घरात मी आणि टीव्ही एवढंच उरलं.

तो दर रविवारी सकाळी फोन करायचा. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असायची. शनिवारच्या सामन्याची बातमी रविवारच्या पेपरात यायची, फोटोसकट अर्धं पान. ती मी त्याला वाचून दाखवायची. माझी शाळा चौथीपर्यंतच. जोडाक्षर आलं की अडायची. तो तिकडून घाई करायचा.

"पुढं, पुढं! गोल कसा झाला?"

"थांब की. उजव्या बगलेतून... चढाई करत..."

"पायानं मारला का डोक्यानं, ते बघ आधी!"

"तेच वाचतीय न्हवं का मी!"

मग तो हसायचा. एक बातमी वाचायला मला अर्धा तास लागायचा आणि तो अर्धा तास तो ऐकत राहायचा. फोन ठेवल्यावर मी पेपरची घडी उशाशी ठेवायची आणि पुढचा रविवार येईपर्यंत कुणाशी फारसं बोलायची नाही. गरजच वाटायची नाही.

मग तिकडचं बदलत गेलं. कधी बदललं ते मला नेमकं सांगता येणार नाही. एकदा तो म्हणाला की आता आपला फुटबॉल तिथंही दाखवतात. नंतर म्हणाला, हापिसातले लोक सोमवारी त्यावर बोलतात. मग जगातला एक मोठा खेळाडू तिकडच्या संघात खेळायला गेला. इथल्या आमच्या पेपरात बातमी आली, की अमेरिकेत फुटबॉलचं वेड वाढतंय, विश्वचषकाचे सामने तिकडे असल्यानं टीव्हीवाले मागं लागलेत. ती बातमी मी दोनदा वाचली. बरं वाटलं. पोरगा आता एकटा नाही, असं वाटलं.

त्या रविवारी मी पेपर उघडून बसले. फोन आला. मी चष्मा लावला आणि सुरू केलं, "काल दुपारी झालेल्या..."

"आई, बघितली मी म्याच. आता आपल्या गावातली चॅनलवाली फोनवर लाइव्ह दाखवत्यात की."

"मग वाचू नको?"

"न्हाई, वाच की, वाच." तो म्हणाला खरं, पण मागं टीव्हीचा आवाज होता, इंग्रजीत कुणीतरी ओरडत होतं, आणि तोही मधेच ओरडला. मी दोन ओळींत आवरलं. त्यानंतर फोन आखूड होत गेला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, चल ठेवतो. एखादा रविवार चुकायलाही लागला.

एकदा त्यानं फोटो पाठवला. तो आणि तिकडंच जन्मलेली माझी नात हिरवळीवर उभे. नातीच्या पायात लांब मोजे, काखेत चेंडू, पुढचा एक दात पडलेला. मला एवढा आनंद झाला की शेजारच्या सुनेनं शिकवलं होतं तसा मी तो फोटो लगेच स्टेटसला ठेवला आणि भाकऱ्या करायला गेले.

तवा उतरायच्या आत दारात मालकांचे तालमीतले एक दोस्त उभे. हातात फोन.

"वहिनी, पोरगं फुटलं व्हय?"

मला कळेना. मी पदर सावरत पुढं आले.

"न्हाई, म्हणजे गोरी लोकं पैसा देत्यात, मान्य हाय. पण लाल-काळी जर्सी? दोघांच्या बी अंगात? अहो, वर बसलेला आमचा दोस्त काय म्हणंल!"

मी फोटो पाहिला. खरंच लाल-काळी होती. मला ती आधी दिसलीच नव्हती. दारात त्यांच्या मागं दोन पोरं उभी होती, ती हसत होती. एकजण म्हणाला, "काकू, आपला झेंडा पाठवा की पार्सलनं!" ते गेल्यावर मी फोटो काढून टाकला.

रविवारी फोन आला तेव्हा मी भीतभीतच म्हणाले, "बाळा, त्या रंगाचं कशाला घातलं? दुसरी न्हाई व्हय मिळत तिथं?"

तो आधी हसला. मग मी सांगितलं की लोक दारात आले, मी फोटो काढून टाकला. तेव्हा हसायचा थांबला.

"आई, तिच्या शाळंची टीम हाय ती. पहिल्यांदा टीममध्ये घेतलंय तिला. शाळंचा रंगच तसा हाय, मी काय करू?" मग म्हणाला, "तुला बी रंगच दिसला?"

मला सांगायचं होतं, की मला आधी दातच दिसला होता. पण मला वेळेला बोलता येत नाही. तो म्हणाला, "ठेवतो."

पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. पेपर दुपारपर्यंत तसाच पडायचा. फोन आपण करावा असं रोज मनात यायचं. पण तो कामात असेल, झोपला असेल, काय बोलू, असं करत मी फोन हातात घेऊन ठेवून द्यायची. शेवटी एका सकाळी मी तो फोटो पुन्हा स्टेटसला लावला. तेच तालमीतले भावजी भाजी घेऊन जाताना दारात थांबले.

"वहिनी, परत?"

"नात हाय माझी," मी म्हणाले. "खेळती ती."

त्यांनी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बरं, बरं," म्हणाले आणि गेले.

शनिवारी दिवेलागणीला फोन वाजला. वेळ नेहमीची नव्हती म्हणून मी दचकले. व्हिडिओ कॉल होता. "आई, स्टेटस बघितलं तुझं," तो म्हणाला. "तिची म्याच हाय आत्ता. बघ." तिकडे सकाळचं ऊन होतं. त्यानं फोन कशावर तरी टेकवून ठेवला. हिरवळ दिसली, पळणाऱ्या मुली, दुसऱ्या आयाबापांचे गुडघे.

मग खेळ सुरू झाला आणि तो मला विसरला.

तो बाजूला ओरडत होता, सगळं इंग्रजीत. मधेच कुणाला तरी टाळी देत होता. फोन जरा घसरला आणि मला अर्धं आभाळ दिसायला लागलं. खालच्या अर्ध्यात लाल-काळे पाय यायचे, जायचे. त्यातले माझ्या नातीचे कुठले ते मला कळेना. हाक मारावी असं वाटलं, पण आजूबाजूला एवढी परकी माणसं. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि फोन दोन्ही हातांनी धरून बसले. एकदा मोठा गलका झाला. कुणी गोल केला, आपल्या की त्यांच्या, सांगायला कुणी नव्हतं. मी आपली हळूच म्हणाले, "शाब्बास."

बाहेर अंधार झाला. दिवा लावायला उठले नाही, फोन हलेल म्हणून.

बऱ्याच वेळानं त्याचा चेहरा जवळ आला. घामेजलेला, लाल. "अगं आई! तू हाईस अजून?"

"हाय की," मी म्हणाले.

"बोलायचं न्हाई व्हय? हरली पोरं. पण ही काय पळाली, बघितलंस?"

"बघितलं."

"चल, तिला पाणी देतो. ठेवू?"

मी हो म्हणाले. पडदा काळा झाला. मग मी उठून दिवा लावला.