साडीचं दुसरं टोक

त्या दिवशी सकाळी आम्ही मोरीत उभं राहून साडी पिळली. आईची जुनी सुती नऊवारी. एक टोक माझ्या हातात, दुसरं मुकादमिणीच्या. मुकादमीण म्हणजे आमची ही. आणि रोजच्यासारखीच ती माझा पीळ सुटेल अशा बाजूला पिळायला लागली.

"अगं, उलटं पिळ!"

"माझं बरोबर आहे. तुम्हीच उलटे."

लग्न झाल्यापासून हेच.

तिची फुप्फुसं कायमची गेलेली. लहानपणापासून गावच्या चुली फुंकल्या, उरलंसुरलं घाटकोपरच्या हवेने केलं. त्यात शेजारची बिल्डिंग पाडायला काढली. डॉक्टर म्हणाले, खिडकी बंद ठेवा, मास्क लावा, घरात धूर नको. आमची खिडकी नीट लागत नाही, म्हणून ही ओली साडी पडद्यासारखी लावायची. सकाळी ती बादलीत खळबळवायची आणि पाणी बघायची. ताकासारखं असलं तर खाली जायचं, चहासारखं असलं तर घरातच बसायचं. नियम तिचाच. पाणी चहासारखं असतानाही खाली जाऊन फुलं आणणारी पण तीच.

काम चालू झालं की साडी बाजूला सारायची, खिडकी उघडायची, मास्क हनुवटीवर ओढायची आणि तिसऱ्या मजल्यावरून ओरडायची, "ओ सुपरवायझर, पहले पानी मारो, फिर तोडो!" मग तासभर खोकायची. "अगं, धुळीसाठी धूळच खातेस?" म्हटलं तर म्हणे, "मास्कमधून त्याला ऐकू जाईल का?"

बाहेर ही शिस्त. घरात खिडकी बंद करून देवापुढे धूप आणि गॅसच्या जाळावर सुके बोंबील! मी गॅस बंद केला की ही परत पेटवायची.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ते बाहेरच्या धुराचं म्हणाले. ह्यो देवाचो धूर."

"आणि बोंबलाचा?"

"गप ऱ्हवा. खाताना बरा लागता ना?"

बिल्डिंग पडेपर्यंत गावी जा, असं हात जोडून सांगितलं. नाही गेली. म्हणे, तुम्हाला एकट्याला साडी पिळता येणार नाही.

साडी पिळली त्याच दिवशी दुपारी मी तिचा श्वासाचा पंप आणायला केमिस्टकडे गेलो. परत आलो तर खिडकी सताड उघडी, आणि ही खाली बसून भिंतीला टेकलेली. ओठ काळे पडलेले. मला म्हणते, "पाणी मारतायत का बघा."

बघितलं. नव्हते मारत.

"मारतायत," म्हटलं.

हॉस्पिटलातून ती परत चालत आली नाही. संध्याकाळपर्यंत सगळं आटपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं भेटायला यायच्या आत मी साडी खळबळवली. पाणी चहासारखं. एक टोक नळाला बांधलं आणि पिळली. नळ काही उलटा पिळत नाही. पहिल्याच पिळाला सगळं पाणी निघालं. ती लावायला खिडकीशी गेलो, तर खाली हातोडे चालू झालेले, सगळं कोरडं. खिडकी उघडली, डोकं बाहेर काढलं आणि ओरडलो, "ओ सुपरवायझर, पहले पानी मारो!"