आधी चिमणी, मग माणूस

मेश्राम कुणालाही भेटला की आधी चिमणीकडे बघायचा, मग माणसाकडे. धूर काळा असला तर तुमच्या नमस्काराला उत्तरही मिळायचं नाही. कोराडीच्या वीजकेंद्रात आम्ही दोघं एकाच दिवशी केमिस्ट म्हणून लागलो, कॉलनीत शेजारी राहिलो, आणि तेव्हापासून मी त्याच्यावर जळत आलो.

गच्चीवर कुरडया घालण्याआधी कॉलनीतल्या बायका त्याला विचारायच्या, "मेश्रामभाऊ, आज राख कोणीकडं जाईन?" त्यात माझी बायकोसुद्धा! तीच पदवी माझ्याकडेही होती, पण मला कुणी साध्या पापडाबद्दल विचारलं नाही.

त्याचं एक वेड होतं. "राख दिसते म्हणून लोक बोंबलतात गा. जो वायू दिसतच नाही, त्याचं काय? कोळसा खालून काढला, तर त्याचा वायू बी खालीच नेऊन ठेवा. खाणी रिकाम्याच पडून राहिल्या." लोक हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो.

प्रयोगशाळाप्रमुखाची जागा निघाली, तेव्हा दावेदार आम्ही दोघंच. मेश्रामनं बंद खाणीतला कोळसा बरणीत भरला आणि तोंडावर कार्बन डायऑक्साइडचा फुगा बांधला. दुसऱ्या दिवशी फुगा मऊ पडला. कोळशानं वायू पिऊन घेतला, अशी बोंब झाली. मोठे साहेब स्वतः बघायला येणार होते. घरी मी लिंबू-सोड्याचा वायू भरून रिकाम्या बरणीवर तसाच फुगा बांधला. तोही मऊ पडला! वायू रबरातूनच निसटत होता. त्या दिवशी मला कारल्याची भाजीही गोड लागली.

साहेब आले. मी तोंड उघडणार, एवढ्यात मेश्रामनंच टेबलाखालून दुसरी बरणी काढली. रिकामी, वर मऊ फुगा. "साहेब, फुग्यानं मले फसवलं. वायू रबरातून पळून राहिला. कोळसा पिते का नाही, ते मले अजून मालूम नाही."

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढे खुर्चीही त्यालाच मिळाली. बरोबर ठरून जिंकला असता तर सोसलं असतं. हा गडी चुकूनही जिंकला, ते मला अजून पचलेलं नाही.

निवृत्तीआधीच तो वारला. परदेशात असा वायू जमिनीखाली ठेवू लागल्याचं पेपरात आलं, तेव्हा ते कात्रण घेऊन मी बसनं कोराडीला, त्याच्या घरी गेलो; निवृत्तीनंतर मी नागपुरात जरीपटक्याला राहायला गेलो होतो. मेश्रामवहिनी दारातच उभ्या होत्या.

"काहून भाऊजी," त्या हसल्या, "तुमी बी आधी चिमणीकडंच पाहून राहिले?"

उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला त्याच्या बरोबरीला बसवलं, आणि ते बघून जळायला तो नव्हता.